नमुना प्रोग्रॅमचा शोध : ग्राफिकल इंटरफेस प्रोग्रॅमिंगच्या अध्ययन-साधनांचा इतिहास (बारामती-इंदापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

संगणक शिक्षणाचा इतिहास लिहिताना यंत्रे, अभ्यासक्रम आणि संस्था यांच्या नोंदी सहज सापडतात. विद्यार्थी प्रत्यक्षात कशावरून शिकला, याची नोंद मात्र क्वचितच होते. कोणते पुस्तक त्याच्या हाती पडले, त्यासोबतची सीडी चालली की नाही, तयार नमुना प्रोग्रॅम त्याला कोठे मिळाला, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. परंतु ग्राफिकल इंटरफेस प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे खिडक्या, बटणे, मेनू व चौकटी असलेले प्रोग्रॅम लिहिण्याच्या, बाबतीत हेच प्रश्न निर्णायक ठरले आहेत.

याचे कारण या विषयाच्या स्वरूपात आहे. साधा प्रोग्रॅम वरून खाली क्रमाने चालतो. भाषेचे नियम समजले की विद्यार्थी तो स्वतः रचू शकतो. ग्राफिकल इंटरफेसचा प्रोग्रॅम याच्या उलट असतो. तो पडद्यावर खिडकी उभी करून थांबून राहतो. वापरणारा बटण दाबतो, कळ दाबतो किंवा माऊस हलवतो, तेव्हा संगणक प्रणालीच प्रोग्रॅममधील योग्य त्या भागाला हाक मारते. या घटनाधारित रचनेचा सांगाडा केवळ व्याकरणावरून सुचत नाही. तो कोणीतरी दाखवावा लागतो. म्हणून या विषयात नमुना प्रोग्रॅम हे पूरक साहित्य नसून पहिला धडाच असतो. ज्याच्याकडे नमुना नाही, त्याच्यासाठी विषयाचे दारच बंद राहते.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) १९९० च्या दशकापासून आजपर्यंत ग्राफिकल इंटरफेस प्रोग्रॅमिंगच्या अध्ययन-साधनांत झालेले बदल टप्प्याटप्प्याने मांडणे, (२) हे बदल महानगराबाहेरील महाविद्यालयांपर्यंत कसे पोहोचले याचा विचार करणे, आणि (३) साधनांची टंचाई संपल्यानंतरही कोणत्या अडचणी शिल्लक राहिल्या, हे तपासणे. बारामती व इंदापूर हा परिसर संदर्भासाठी निवडला आहे. शेती, सहकार, उद्योग आणि उच्च शिक्षण ही चारही अंगे येथे शेजारी-शेजारी नांदतात, त्यामुळे साधने आणि परिसर यांचे नाते येथे विशेष स्पष्ट दिसते.

परिसराची पार्श्वभूमी

बारामती पुण्यापासून सुमारे १०० कि.मी. अंतरावर आहे. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय येथे १९६२ मध्ये सुरू झाले. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले आणि २००० मध्ये या संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. एमआयडीसीला लागून असलेल्या विद्यानगरीत वर्गखोल्या आणि कारखाने यांच्यातील अंतर फारसे उरलेले नाही. पियाजिओ या इटालियन कंपनीचे तीनचाकी वाहनांचे उत्पादन बारामतीत १९९९ मध्ये सुरू झाले. माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने त्याहून कितीतरी जुने आहेत. दूध संकलन, ऊसनोंदणी, वजनकाटा, पतसंस्थेची खाती, हजेरीपट आणि मालसाठा ही या परिसराची रोजची हिशेबाची कामे होत. संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला विषयांची उणीव नव्हती. उणीव होती ती नमुन्यांची.

पहिला टप्पा : टर्बो सी आणि चित्रांचा पडदा

१९८० च्या दशकात जगात ग्राफिकल इंटरफेसचे युग सुरू झाले होते. झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेतील आल्टो (१९७३), ॲपलचा मॅकिंटॉश (१९८४) आणि मायक्रोसॉफ्ट विंडोजची पहिली आवृत्ती (१९८५) हे त्यातील ठळक टप्पे होत. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मात्र त्यानंतरही दीर्घकाळ डॉसचा काळा पडदा आणि बोरलँड कंपनीचे टर्बो सी हेच प्रोग्रॅमिंगचे विश्व राहिले.

या विश्वात पडद्यावर आकृती काढण्याची सोय बोरलँडच्या ग्राफिक्स संग्रहामुळे होती. टर्बो सी सोबतच 'बीजीआयडेमो' नावाचा नमुना प्रोग्रॅम मूळ रूपात मिळत असे. कळफलकावर कंट्रोल आणि एफ-१ दाबले की शब्दाखालील फंक्शनची माहिती व बहुधा एक छोटे उदाहरणही उघडत असे. आज हे क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या प्रयोगशाळेत पुस्तकांची एखादीच प्रत आणि इंटरनेट मुळीच नाही, तेथे हा मदतीचा पडदा म्हणजे ग्रंथालयच होते. ग्राफिक्स चालू करताना बीजीआय फाइलींचा मार्ग चुकला, तर ग्राफिक्स सुरू झाले नसल्याचा संदेश येऊन प्रोग्रॅम तेथेच थांबे. नमुना प्रोग्रॅम ज्या संगणकावर लिहिला गेला, त्या संगणकाचे गृहीतक त्यात दडलेले असते, हा धडा अनेकांना प्रथम येथेच मिळाला.

या काळातील मराठी भूमीतील सर्वांत प्रभावी नाव नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे आहे. त्यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक भारतभर वापरले गेले. 'ग्राफिक्स अंडर सी' या स्वतंत्र पुस्तकाने पडद्यावरील चित्रांचा विषय विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणला. त्यांची भाषा इंग्रजी होती, पण सोपी, संवादी आणि भारतीय वर्गखोलीची ओळख असलेली. प्रत्येक कल्पनेमागे टंकून लगेच चालवता येईल असा छोटा प्रोग्रॅम देणे, हे या पुस्तकांच्या यशाचे मुख्य कारण म्हणावे लागेल.

दुसरा टप्पा : विंडोजचे प्रोग्रॅमिंग आणि पुस्तकाची मर्यादा

विंडोजसाठी प्रोग्रॅम कसा लिहावा, हे जगालाही प्रामुख्याने पुस्तकांनीच शिकवले. चार्ल्स पेट्झोल्ड यांचे 'प्रोग्रॅमिंग विंडोज' १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील अनेक वर्षे या विषयाचा प्रमाणग्रंथ ठरले. पडद्यावर एका ओळीचा मजकूर दाखवण्यासाठी त्यात पाऊणशेच्या आसपास ओळींचा प्रोग्रॅम लागत असे. सी भाषेतील पहिला प्रोग्रॅम पाच-सहा ओळींत संपतो, हे लक्षात घेतले म्हणजे नवशिक्या विद्यार्थ्याची कोंडी कळते. त्या ओळींपैकी बहुतेक ओळी न समजता तशाच उतरवून घेण्यावाचून त्याला गत्यंतर नसे.

कानेटकर यांनी 'लेट अस सी'च्या पाचव्या आवृत्तीत या कोंडीवर काढलेला मार्ग उल्लेखनीय आहे. त्या आवृत्तीत विंडोज प्रोग्रॅमिंग, विंडोजमधील ग्राफिक्स आणि लिनक्स यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. खिडकी तयार करण्याचा ठरावीक, लांबलचक भाग त्यांनी 'हेल्पर' नावाच्या एका फाइलमध्ये वेगळा काढला आणि ती फाइल परिशिष्टात छापली. त्यामुळे मूळ उदाहरणात केवळ नवी कल्पना शिल्लक राहिली. शिक्षणाच्या दृष्टीने हा मोठा विचार होता : काय आधी दाखवायचे आणि काय तूर्त झाकून ठेवायचे, याची निवड त्यात आहे. मात्र परिशिष्टातील ती फाइल ज्याने टंकली नाही, किंवा टंकताना एखादे चिन्ह गाळले, त्याचे एकही उदाहरण चालत नसे. छापील पुस्तकाची मर्यादा ती हीच. कागदावरचा प्रोग्रॅम वाचता येतो. तो चालवून पाहण्यासाठी पुन्हा टंकावा लागतो.

मराठी मुलखातील दुसरी परंपरा व्यावसायिक प्रोग्रॅमिंगची होती. मुंबईचे इव्हान बेरॉस यांच्या पुस्तकांतून ओरॅकलच्या साहाय्याने डेटाबेस आणि पडद्यावरील फॉर्म यांची सांगड घालण्याचे शिक्षण मिळाले. अच्युत गोडबोले आणि अतुल कहाते यांची पाठ्यपुस्तके याच काळात महाविद्यालयांत पोहोचली. पुण्यातील अप्पा बळवंत चौक हा या सर्व साहित्याचा मुख्य बाजार होता. बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्याला तेथे जाण्या-येण्यात एक दिवस खर्ची पडे. आणलेल्या एका पुस्तकाच्या कितीतरी छायाप्रती निघत, पण सीडी बहुधा एकाच मित्राच्या पेटीत राहून जाई.

तिसरा टप्पा : व्हिज्युअल बेसिक, एमएसडीएन आणि हरवलेली मदत

१९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकने विषयाचा चेहराच बदलला. बटण फॉर्मवर ओढून ठेवावे, त्यावर दोनदा क्लिक करावे आणि उघडलेल्या रिकाम्या चौकटीत दोन ओळी लिहाव्यात, इतकी सोपी ही रीत होती. १९९८ मधील सहावी आवृत्ती महाराष्ट्रातील पदविका, पदवी आणि खासगी संगणक वर्गांत सर्वत्र पसरली. विद्यार्थ्यांच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे ते जणू ठरलेले साधन बनले.

या आवृत्तीची मदत व नमुना प्रोग्रॅम एमएसडीएन ग्रंथालयाच्या स्वतंत्र सीडींवर होते. बाजारातून किंवा मित्राकडून आलेल्या प्रतीत बहुधा फक्त मुख्य सीडी असे. विद्यार्थ्याने एफ-१ दाबले की मदतीऐवजी, एमएसडीएन संग्रह अस्तित्वात नसून तो पुन्हा बसवावा, असा संदेश पडद्यावर येई. साधन हाती आले, पण त्याचे शिक्षण सोबत आले नाही, या परिस्थितीचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. ज्या सीडीवर गणकयंत्राचा, डेटाबेस हाताळण्याचा आणि नोंदवहीचा तयार नमुना होता, तीच नेमकी गैरहजर होती.

या पोकळीत दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प हेच पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांचे नमुना साहित्य बनले. फ्लॉपी, नंतर सीडी आणि त्यानंतर पेन ड्राइव्ह या मार्गाने एकच प्रवेश-फॉर्म, एकच लॉगिनची खिडकी आणि एकच अहवाल पिढ्यान् पिढ्या फिरत राहिला. 'कमांड-१' आणि 'टेक्स्ट-१' ही यंत्राने दिलेली नावेसुद्धा अनेकदा बदलली जात नसत. दुसरी गोष्ट म्हणजे खासगी वर्गांचे महत्त्व वाढले. तेथील शिक्षकाची वही हाच अधिकृत नमुना ठरला. याच सुमारास, २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्रातील गावोगावच्या लोकांना ग्राफिकल इंटरफेस वापरायला शिकवले. वापरणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. घडवणाऱ्यांसाठीचे साहित्य त्या गतीने वाढले नाही.

चौथा टप्पा : जावा आणि मुक्त साधनांचा उदय

जावाची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली, तेव्हा तिच्यासोबत एडब्ल्यूटी हा इंटरफेसचा संग्रह होता. १९९७ मधील १.१ आवृत्तीत घटना हाताळण्याची संपूर्ण पद्धत बदलली आणि १९९८ च्या अखेरीस स्विंग हा नवा संग्रह मुख्य भाषेत समाविष्ट झाला. तीन वर्षांतील या उलथापालथीचा परिणाम असा झाला की, जुन्या पुस्तकातील उदाहरण नव्या पद्धतीशी जुळेना. नमुना प्रोग्रॅमलाही वय असते, ही जाणीव ठेवून पुस्तक निवडणे तेव्हापासून आवश्यक झाले.

तथापि जावाने एक मोठी देणगी दिली. ती विनामूल्य होती आणि तिचे नमुने तिच्यासोबतच येत. प्रतिष्ठापनेच्या 'डेमो' फोल्डरमध्ये स्विंगच्या जवळपास सर्व घटकांचे प्रात्यक्षिक दाखवणारा 'स्विंगसेट-२' हा प्रोग्रॅम मूळ संहितेसह उपलब्ध असे. सन कंपनीचे 'द जावा ट्युटोरियल' विनामूल्य वाचता येई. लिनक्सच्या जगात केडीई (१९९६) आणि ग्नोम (१९९७) या प्रकल्पांनी संपूर्ण डेस्कटॉपचीच मूळ संहिता खुली केली. जलद इंटरनेट नसलेल्या गावांत हे साहित्य मासिकांच्या सीडींवरून पोहोचले. 'पीसीक्वेस्ट'ने १९९६ पासून वाचकांना लिनक्सची सीडी दिली, ही या दृष्टीने महत्त्वाची घटना होय. डाकेने किंवा वृत्तपत्र विक्रेत्याकडून येणारे मासिक हेच तेव्हा अनेकांचे इंटरनेट होते.

अभ्यासक्रम, कार्यपुस्तिका आणि ठरावीक उत्तर

विद्यापीठ व मंडळ यांनी या काळात स्वतःची साधने निर्माण केली. पुणे विद्यापीठाच्या, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या, संगणकशास्त्र पदवी अभ्यासक्रमातील प्रयोगशाळा कार्यपुस्तिका हे त्याचे चांगले उदाहरण आहे. प्रत्येक प्रयोगात उद्दिष्ट, आधी वाचावयाचे मुद्दे, झटपट संदर्भ, स्वतः करून पाहावयाचा तयार प्रोग्रॅम आणि त्यानंतर अ, ब, क अशा चढत्या काठिण्याचे संच अशी मांडणी असते. मूल्यमापनासाठी ० ते ५ अशी श्रेणी असून केलेच नाही, अपूर्ण, उशिरा पूर्ण, सुधारणा आवश्यक, पूर्ण आणि उत्तम असे तिचे टप्पे आहेत. नमुना, सराव आणि आव्हान यांचा हा क्रम शैक्षणिकदृष्ट्या समतोल आहे. दूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही पुण्यातील विद्यार्थ्याइतकाच नमुना त्यामुळे मिळू लागला.

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने २०१७ पासून लागू केलेल्या 'आय' योजनेत व्हीबी डॉट नेटच्या साहाय्याने ग्राफिकल इंटरफेस विकसन हा स्वतंत्र विषय ठेवला आणि त्याची प्रयोगशाळा पुस्तिकाही प्रसिद्ध केली. मायक्रोसॉफ्टने मात्र मार्च २०२० मध्ये व्हिज्युअल बेसिक भाषेत यापुढे नवी भर घालण्याचा विचार नसल्याचे जाहीर केले. अभ्यासक्रमाची गती आणि तंत्रज्ञानाची गती यांतील ही तफावत कोणा एका मंडळाचा दोष नाही. पाठ्यक्रम काही वर्षांसाठी स्थिर असावाच लागतो. पण अशा वेळी विद्यार्थ्याला विशिष्ट साधनाऐवजी त्यामागील घटनाधारित रचना शिकवली गेली पाहिजे, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. प्रश्न ठरावीक झाले की उत्तरेही ठरावीक होतात. स्विंगमधील गणकयंत्र, लॉगिनची चौकट, विद्यार्थी माहितीचा फॉर्म यांची तयार उत्तरे छापील मार्गदर्शकांतून मिळू लागली. प्रात्यक्षिक वही पूर्ण होई. परंतु बटणाला ऐकणारा घटक जोडणारी ती एक ओळ काढून टाकली तर काय होईल, या साध्या प्रश्नावर विद्यार्थी अडखळे.

पाचवा टप्पा : इंटरनेट, बोलके पाठ आणि विपुलता

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी महानगरांतून सुरू केली. लहान शहरांच्या दृष्टीने खरा बदल जानेवारी २००५ मधील बीएसएनएलच्या ब्रॉडबँड सेवेनंतर हळूहळू घडला. २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो आणि गिटहब सुरू झाले आणि नमुना प्रोग्रॅमची टंचाई पाहता पाहता विपुलतेत बदलली. मायक्रोसॉफ्टनेही २००५ च्या आवृत्तीपासून एक्स्प्रेस आणि २०१४ पासून कम्युनिटी या नावाने आपली साधने विनामूल्य देऊ केली.

मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातील सर्वांत अर्थपूर्ण उपक्रम आयआयटी मुंबईचे प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखालील 'स्पोकन ट्युटोरियल' हा होय. केंद्र शासनाच्या साहाय्याने चालवलेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे दृक्श्राव्य पाठ तयार झाले. पडदा आणि सूचना मूळ इंग्रजीत ठेवून निवेदन भारतीय भाषांत, त्यात मराठीतही, करण्यात आले. अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्यावर स्वतःचे काम ठेवून विद्यार्थ्याने शेजारी-शेजारी शिकावे, ही त्यांची पद्धत आहे. नेटबीन्समध्ये जावा प्रोग्रॅमचा ग्राफिकल इंटरफेस रचण्याचा पाठही या संग्रहात आहे. शिक्षक नसलेल्या ठिकाणी शिकता यावे, या हेतूने ही रचना केलेली असल्याने ग्रामीण महाविद्यालयांना ती विशेष उपयुक्त ठरते.

पायथन भाषेच्या प्रसारानेही एक सोय झाली. तिच्यासोबत येणारा 'आयडल' हा संपादक टीकिंटर या ग्राफिकल संग्रहातच लिहिलेला आहे आणि त्याची मूळ संहिता प्रतिष्ठापनेबरोबरच विद्यार्थ्याच्या संगणकावर उतरते. ज्या खिडकीत तो प्रोग्रॅम टंकतो, तीच खिडकी कशी बनली हे त्याला इंटरनेटशिवाय वाचता येते. हे फारसे कोणी विद्यार्थ्यांना दाखवत नाही.

नमुन्यातील जग आणि विद्यार्थ्याचे जग

या साऱ्या इतिहासात एक उणीव सातत्याने आढळते. नमुना प्रोग्रॅम आपल्यासोबत एक जगही घेऊन येतो. मायक्रोसॉफ्टच्या सुप्रसिद्ध 'नॉर्थविंड' या नमुना डेटाबेसमध्ये खाद्यपदार्थांचा व्यापार करणारी काल्पनिक कंपनी आहे; 'बिब्लिओ'मध्ये इंग्रजी पुस्तके, लेखक व प्रकाशक आहेत. तंत्र शिकण्यासाठी ही उदाहरणे उत्तम आहेत. परंतु इंदापूरच्या विद्यार्थ्याला दूध संकलन केंद्राचा फॉर्म बनवायचा असेल, तर त्याला सकाळ-संध्याकाळची वेळ, फॅट व एसएनएफ, सभासद क्रमांक आणि मराठी नाव या नोंदी हव्या असतात. ऊसनोंदणीत गट क्रमांक, लागणीची तारीख आणि उसाची जात येते. यांचा नमुना त्याला कोठेही मिळत नाही.

मराठी नावाचा प्रश्न तर स्वतंत्रच आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून असला आणि विंडोज २००० पासून प्रणालीत तिची सोय झाली असली, तरी व्हिज्युअल बेसिक ६ चे नेहमीचे घटक युनिकोड मजकूर नीट दाखवू शकत नसत. त्यामुळे या साधनावर वाढलेल्या पिढीने मराठी फॉर्म एकतर विशिष्ट फाँटच्या आधारे बनवला, किंवा सरळ इंग्रजीत बनवला. ज्या शेतकऱ्यासाठी तो फॉर्म होता, त्याला आपले नाव रोमन अक्षरांत वाचावे लागले. जावा, पायथन आणि डॉट नेट यांत ही अडचण उरलेली नाही. इंग्रजी फॉर्मची सवय मात्र उरली आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ग्राफिकल इंटरफेस प्रोग्रॅमिंगमध्ये नमुना प्रोग्रॅम हे मूलभूत अध्ययन-साधन आहे. ते कोणाला, केव्हा आणि कोणत्या भाषेत मिळाले, यावर या क्षेत्रातील संधींचे वाटप बऱ्याच अंशी अवलंबून राहिले.

२. पुस्तक, सीडी, कार्यपुस्तिका, इंटरनेट आणि बोलके पाठ या प्रत्येक टप्प्यावर एक अडचण दूर झाली आणि दुसरी पुढे आली. टंचाईच्या काळात अपरिहार्य असलेली नकलेची रीत विपुलतेच्या काळात सवय म्हणून टिकून राहिली.

३. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर नमुना शोधण्याचे श्रमही जवळपास संपले. मागितलेला प्रोग्रॅम क्षणात तयार होतो. त्यामुळे यापुढे विद्यार्थ्याची कसोटी नमुना मिळवण्यात नसून तो वाचण्यात, मोडून पाहण्यात आणि बदलण्यात आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत तयार प्रोग्रॅम देऊन त्यात बदल करावयास सांगणे, ही पद्धत अधिक उचित ठरेल.

४. परिसरातील कामांवर आधारित, देवनागरीत चालणारे आणि मूळ संहितेसह खुले असलेले नमुना प्रोग्रॅम महाविद्यालयांनी स्वतः तयार केले पाहिजेत. दरवर्षीचे विद्यार्थी प्रकल्प कपाटात बंद न ठेवता तपासून, सुधारून आणि टिपणे जोडून पुढील वर्गाच्या हाती दिले, तर कोणत्याही वेगळ्या निधीशिवाय असा संग्रह काही वर्षांत उभा राहू शकेल.

दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमवरून शिकणे हा कमीपणा नाही. जगातील सर्व प्रोग्रॅमर तसेच शिकले. परंतु ज्या परिसराने तीन दशके इतरांचे नमुने वापरले, त्याने आता आपलाही एखादा नमुना मागे ठेवावा, एवढी अपेक्षा त्याच्या महाविद्यालयांकडून करणे वावगे ठरणार नाही.